झाकणाखालचं पांढरं

माझं डोकं गरम आहे हे देवनारच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. "जयवंतकडे गाडी द्या, पण तोंड बंद ठेवून उभे राहा," असं लोक एकमेकांना सांगतात. मला त्याचा अभिमान होता. होता म्हणतोय, कारण ह्या एप्रिलपासून तो राहिलेला नाही.

ही सवय उस्तादांनी लावलेली. बाबांची गिरणी बंद पडली आणि मी शाळा सोडून चेंबूरच्या एका गॅरेजमध्ये लागलो. तिथले उस्ताद एकच मंत्र द्यायचे, "गाडीला विचार. मालकाला विचारू नको. मालक खोटं बोलतो." आणि खरंच बोलतात हो लोक! गेल्याच महिन्यात ऑइल बदललं म्हणतात, आणि खालचा बोल्ट सोडला की डांबर बाहेर पडतं. खड्ड्यात आपटली नाही म्हणतात, आणि खाली वाकून बघावं तर ऑइलच्या चेंबरला हा एवढा पोचा. त्यामुळे चाळीस वर्षं मीही कुणाला काही विचारलं नाही. बॉनेट उघडायचं, वास घ्यायचा, हात लावायचा, आवाज ऐकायचा. मालक बाजूला उभा राहून बोलायला लागला की हात वर करायचा. "साहेब, गाडी मी बघतोय ना? मग?" की माणूस गप्प.

मधुकरकाका माझे एकवीस वर्षांचे गिऱ्हाईक. चेंबूरला जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतात. सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होते, म्हणजे आयुष्यभर नकाशे काढले. माणूस एकदम काटेकोर. त्यांची छोटी चॉकलेटी गाडी पहिल्या सर्व्हिसपासून माझ्याकडे. दर रविवारी सकाळी बनियनवर बाहेर येऊन काका स्वतः बॉनेट उघडायचे, पाणी बघायचे, ऑइल बघायचे, सगळी झाकणं उघडून पुसून परत लावायचे. मी त्यांना चिडवायचो, "काका, सारखं झाकण उघडून बघितलं तर दही लागत नाही." ते हसायचे, पण पुढच्या रविवारी परत उघडायचेच.

काकू, म्हणजे शुभाकाकू, शाळेत मराठी शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू थोडी सुधारली, पण बोलणं अडकलं. शब्द आत दिसतोय आणि तोंडापर्यंत येत नाही, अशा बघायच्या. ज्या बाईंच्या आवाजाला चाळीस पोरांचा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्यांचं हे असं झालं.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. काका सकाळीच गाडी घेऊन आले. "जयवंत, जरा ऑइलचं झाकण बघ बाबा. आतून पांढरं दिसतंय." आणि त्यांच्या हातात फोन चालू होता. पलीकडे बंगळूरहून त्यांचा मुलगा केयूर.

बापलेकांचा करार झाला होता. केयूरचं म्हणणं, बाबा आता शहात्तरचे, गाडी पुरे. काकांचं म्हणणं, मला अजून दिसतं, ऐकू येतं, आणि मी वीसच्या वर पळवत नाही. शेवटी ठरलं की जयवंत सांगेल ते दोघांनी ऐकायचं. गाडी ठीक आहे म्हणाला तर काका आणखी दोन वर्षं चालवणार. इंजिनचं काम निघालं तर विकून टाकायची.

"जयवंतदादा, तुमचा शब्द शेवटचा," केयूर फोनवरून म्हणाला. "पण खरं सांगा हां, बाबांना बरं वाटावं म्हणून नको."

"अरे केयूर, तुझ्या आईला संध्याकाळी बाहेर काढायला गाडी लागते रे," काका म्हणाले. "गाडीत बसली की ती बोलते."

"कॅब करा ना बाबा."

हे सगळं मी ऐकलं. बॉनेटखाली डोकं घालून ऐकलं. 'गाडीत बसली की ती बोलते' हे शब्द माझ्या कानावर पडले होते, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण गिऱ्हाईकाची बडबड म्हणून सोडून दिलं.

त्यात माझ्या डोक्यात हवा गेलेली. आदल्याच आठवड्यात एक टुरिस्ट गाडी आली होती. दोन गॅरेजं फिरून आलेली, कुणाला दुखणं सापडेना. मी ऑइलचं झाकण काढलं, खाली पांढरं बघितलं आणि म्हटलं, हेड गॅस्केट गेलंय, खोला. खोललं, तर तसंच निघालं. आख्ख्या गल्लीत मी तीन दिवस मिशीला पीळ देत फिरत होतो.

काकांच्या गाडीचं झाकण पाव फेरा फिरवलं की निघतं. काढलं. आतून पिवळट पांढरा थर, श्रीखंडासारखा. बोटाने पुसला, बघितला, आणि झालं माझं.

"वाट लागली काका. हेड गॅस्केट गेलं. ऑइलमध्ये पाणी शिरतंय."

"अरे, पण पाणी तर..."

मी हात वर केला. "काका, गाडी मी बघतोय ना?"

मग काकांनी हळूच विचारलं, "दुरुस्त करायचं म्हटलं तर?"

"इंजिन पूर्ण उतरवावं लागेल. ह्या वयाच्या गाडीत पैसे ओतू नका. हौस म्हणून ठेवायची तर ठेवा, पण रस्त्यात कधी उभी राहील सांगता येत नाही. काकू आत बसलेल्या असल्या तर काय कराल?"

हे शेवटचं वाक्य मी कशाला बोललो, मला अजून कळत नाही. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही.

फोनवर केयूर म्हणाला, "थँक्यू जयवंतदादा." काकांनी माझ्या हातातून झाकण घेतलं, खिशातल्या रुमालाने आतून बाहेरून नीट पुसलं, बसवलं, पाव फेरा देऊन घट्ट केलं, आणि बॉनेट आवाज न करता खाली घेतलं. आठ दिवसांत मानखुर्दचा रतन एजंट येऊन गाडी घेऊन गेला.

मधले आठ महिने मी काकांकडे फिरकलो नाही. गाडीच नाही तर जायचं कशाला? दोनदा वाटलं, काकूंची तब्येत विचारून यावं. मग कामं निघाली, आणि राहून गेलं.

एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी एक मुलगी गाडी घेऊन आली. नाव दिशा, राहणार घाटकोपर, आई नाशिकला. दर पंधरा दिवसांनी आईकडे जाते. म्हणाली, "काका, ब्रेक वाजतायत जरा, बघा ना. बॉनेटच्या आत तुमचा स्टिकर होता, नंबर होता, म्हणून आले."

स्टिकर कशाला बघायला हवा? मी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळतानाच ओळखली होती. चॉकलेटी रंग, मागच्या काचेच्या कोपऱ्यात काकूंच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं गोल चित्र अर्धं सोललेलं.

"इंजिन कुणाकडे केलं?" मी विचारलं.

"इंजिन? काहीच नाही केलं. झकास आहे गाडी! कसारा घाट एका दमात चढते."

मी बॉनेट उघडलं. हेडच्या बोल्टांवर इतक्या वर्षांची तेलकट धूळ तशीच बसलेली. कुणी पाना लावलाच नव्हता. ऑइलचं झाकण मात्र नवंकोरं, काळं कुळकुळीत. पाव फेरा फिरवून काढलं. आतून स्वच्छ, नुसता तेलाचा पातळ सोनेरी हात फिरवलेला. ऑइल मोजायची दांडी काढून बघितली, स्वच्छ. पाण्याची टाकी बघितली, खुणेबरोबर भरलेली. आठ महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत बघता आलं असतं ते सगळं मी त्या दिवशी घाम पुसत बघत होतो.

"हे झाकण कधी बदललं?"

"घेतली तेव्हाच. मी आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली ना. झाकणाखाली पांढरं पांढरं होतं. त्याने आधी एजंटला विचारलं, जुना मालक किती चालवायचा? एजंट म्हणाला, म्हातारे काका होते, इथल्या इथे फिरवायचे. मेकॅनिक म्हणाला, मग काही नाही झालेलं. झाकणाचं रबर गेलंय, ते बदला, ऑइल बदला आणि गाडी लांब पळवा. बस."

बस. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून पाणी सुटतं, तेवढीच ती गोष्ट. पावसाळ्याची दमट हवा, कडक झालेलं रबर, त्यात गाडी रोज दीड-दोन किलोमीटर जाऊन परत. इंजिन पुरतं तापतच नाही, मग आतला ओलावा उडून जाणार कुठे? झाकणाला चिकटून बसतो. शिकाऊ माणसालाही माहीत असतं हे. मलाही माहीत होतं हो! फक्त त्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो: गाडी कुठवर नेता?

दिशा बिचारी हसत म्हणाली, "आधीच्या माणसाला कोणी तरी इंजिन गेलं म्हणून सांगितलं म्हणे. कोण मेकॅनिक होता देव जाणे. एकदम ढ असणार!"

मी ब्रेककडे वळलो. थोड्या वेळाने विचारलं, "जुनं झाकण टाकून दिलंत का?"

"डिकीत असेल, पान्यांच्या पिशवीत. का हो?"

"हवंय मला."

ते झाकण मी घरी घेऊन गेलो. अकरा दिवस ते माझ्या शर्टाच्या खिशातून पँटच्या खिशात आणि तिथून परत शर्टाच्या खिशात फिरत होतं. रोज ठरवायचो, आज जातो. चेंबूर स्टेशनपर्यंत दोनदा गेलोही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना. चाळीस वर्षांत मी कुणाला 'चुकलो' म्हटलेलं नव्हतं. तोंडाला वळणच नव्हतं त्या शब्दाचं.

बाराव्या दिवशी धुण्याच्या कपड्यांतून ते बायकोच्या हाती लागलं. सुगंधा देवगडची, तिला गोडगोड बोलता येत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा तोंड आधी चलता, डोळे मागसून. त्या बाईक बोलाची एक गाडी होती, ती तुमी घालवलात. आता हयसर बसान काय करतास? जावा आनि सांगा त्यांका."

गेलो.

काकांनीच दार उघडलं. "अरे, जयवंत! ये ये." आठ महिन्यांत माणूस आठ वर्षांनी म्हातारा झालेला. काकू खिडकीशी खुर्चीत होत्या. माझ्याकडे बघितलं, ओळखलं बहुतेक, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. मी नमस्कार केला. त्यांनी मान परत खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर शेजारच्या सोसायटीची भिंत.

मी झाकण टीपॉयवर ठेवलं. काकांनी चष्मा लावला, ते उचललं. "हे तर आपल्या गाडीचं." मग पालथं करून आतलं रबर अंगठ्याने दाबून बघितलं. नखाने जरा ओढलं तर त्याचा तुकडाच पडला. "पार कडक झालंय रे हे."

"हो काका."

"म्हणजे बाहेरची दमट हवा आत जात होती."

"हो. आणि गाडी जवळच्या जवळ फिरायची, म्हणून साचत गेलं. इंजिनला काही झालं नव्हतं. गाडी आज नाशिकला जाते-येते." मी एका दमात बोलून टाकलं. "माझं चुकलं काका. मी बघितलंच नाही नीट."

काका बराच वेळ झाकण हातात फिरवत राहिले. मला वाटलं आता घालतील शिव्या. घालायला हव्या होत्या, मी त्यासाठीच गेलो होतो.

"पाणी एक थेंब कमी होत नव्हतं, जयवंत," ते म्हणाले. "दर रविवारी बघायचो मी. दांडीवरचं ऑइलही स्वच्छ होतं. मलाही वाटत होतं, गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी व्हायला हवं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो रे. तू हात वर केलास."

मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"नंतर तरी फोन करायचात काका. म्हणायचं होतं, जयवंत, मूर्खा, परत बघ."

"केला असता." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "पण एकवीस वर्षं तुझा शब्द मानला. म्हटलं, तू बघितलंस म्हणजे माझंच बघणं चुकत असेल. ह्या वयात माणसाला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहत नाही. केयूरही तेच म्हणत होता. मग म्हटलं, असेल."

आणि तेव्हा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मी एका गिऱ्हाईकाला तो प्रश्न विचारला, "काका, तुम्ही गाडी कुठवर न्यायचात?"

काका हसले. "गार्डनपर्यंत. जाऊन परत, दोन किलोमीटरही नाही. तिथे उतरायचोसुद्धा नाही आम्ही. त्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या ना, त्या म्हणाल्या होत्या, बाईंना वाचायला लावा. पुस्तक दिलं की ही मिटून ठेवायची. पोरांना शिकवलेली अक्षरं आपल्यालाच जमेनात, ह्याची लाज वाटायची तिला. पण गाडीत बसली की दुकानांच्या पाट्या वाचायची. मी वीसच्या वर न्यायचोच नाही. आधी नुसती मुळाक्षरं. मग 'मेडिकल'. मग 'बेकरी'. मागचे लोक हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे, मी काच वर करून टाकायचो. जुलैमध्ये तिने 'शुभमंगल साडी सेंटर' पूर्ण वाचलं होतं. आणि मला म्हणाली, त्यातला 'शुभ' माझा."

मी काकूंकडे बघितलं. त्या भिंतच बघत होत्या.

"रिक्षात तिला बसवत नाही, पाय उचलत नाही तेवढा. दोनदा कॅब केली. त्या पोराला म्हटलं, हळू घे, तर तो म्हणाला, काका, जायचंय कुठे ते सांगा ना. त्याचंही बरोबर आहे. एवढी हळू गाडी चालवायला ती आपली असावी लागते." मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बोलायची थोडं. आता नाही."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. काकांनीच उठून मला पाणी आणून दिलं.

बाहेर येऊन मी दिशाला फोन लावला. म्हटलं, "ताई, तो ढ मेकॅनिक मीच." मी सगळं सांगितलं, आणि एका संध्याकाळपुरती गाडी मागितली. ती म्हणाली, "काका, अहो न्या ना. विचारता काय!"

शनिवारी पाच वाजता गाडी काकांच्या दारात उभी केली. काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हातात एक जाड प्लास्टिकची पिशवी. ती त्यांनी पुढच्या सीटवर अंथरली, काकूंना पाठमोरं बसवलं आणि पिशवीवर अलगद गोल फिरवून पाय आत घेतले. काकू सरकन आत बसल्या. ही युक्ती मी कधी बघितली नव्हती. आठ महिने त्यांनी पिशवी घडी करून जपून ठेवली होती.

मी किल्ली पुढे केली. "काका, चालवा तुम्ही."

त्यांनी किल्ली हातात घेतली, स्टिअरिंगकडे बघितलं, आणि परत माझ्या तळहातावर ठेवली. "नको रे. सवय गेली." आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

हेही माझ्याच खात्यात.

मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढली. पंधराचा वेग. काकूंच्या बाजूची काच पूर्ण खाली. गल्ली संपून मोठ्या रस्त्याला लागलो आणि माझा पाय ब्रेकवर गेला. ह्या रस्त्याने मी ह्या वर्षात गेलोच नव्हतो. डाव्या हाताला निळे पत्रे. बारा फूट उंच, एकाला एक लावलेले, संपूर्ण रस्ताभर. जुन्या इमारती एकामागोमाग एक रिडेव्हलपमेंटला गेलेल्या, खालची दुकानं उठून गेलेली. मेडिकल नाही, बेकरी नाही, साडी सेंटर नाही. पत्र्यांवर बिल्डरच्या टॉवरची चकचकीत चित्रं आणि खाली बारीक इंग्रजी.

काकू बाहेर बघत होत्या. मान पुढे काढून, डोळे बारीक करून शोधत होत्या. त्यांचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. मागच्या रिक्षावाल्याने कर्कश हॉर्न वाजवला. काच वर घ्यायला हवी होती, पण मला सुचलंच नाही.

मग मागून काकांचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"शुभा, इथे मेडिकल होतं बघ. आठवतं? मे-डि-कल. इथे टेलर. ही बेकरी. आता येईल साडी सेंटर."

नुसते पत्रे होते. काका पत्र्यांवरून पाट्या वाचत होते. मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिलो.

गार्डनच्या कोपऱ्यावर मी गाडी कडेला घेतली. काका नेहमी इथेच थांबायचे म्हणे. काकूंनी बाहेर बघणं थांबवलं होतं. त्यांचा डावा हात डॅशबोर्डवर गेला, तिथे जरा वेळ फिरला. मग त्या माझ्याकडे वळल्या. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली, आणि एक शब्द बाहेर आला.

"घरी."

"बोलली!" काका मागून जवळजवळ ओरडलेच. माझा खांदा धरून हलवायला लागले. "जयवंत, ऐकलंस? बोलली रे ती! शुभा, परत म्हण, परत म्हण एकदा!"

काकूंनी परत म्हटलं नाही. त्या काकांकडेही बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, घरी न्यायची वाट बघत. मागे काका डोळे पुसत होते, हसत होते, आजच केयूरला फोन करायला हवा म्हणत होते. मला त्यांच्याकडे आरशातसुद्धा बघवेना.

मी गाडी वळवली. समोरचा इंजिनच्या तापमानाचा काटा अजून अगदी तळाशी होता.